खोडातील वाख

सुगीच्या दिवसांत धान्याच्या बाजारात जिकडे तिकडे पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या दिसतात. हमाल एकेक पोते पाठीवर घेतो, झपाझप चालत जातो आणि ते थप्पीवर टाकतो. आत ५० किलो ज्वारी किंवा तांदूळ भरलेला असतो. पोते आपटते, घासले जाते, त्यात लोखंडी आकडा रुततो, मालमोटारीत त्याच्यावर आणखी पोत्यांचा भार पडतो. तरी ते सहसा फाटत नाही. आकडा काढून घेतला की बाजूला सरलेले धागे पुन्हा जवळ येतात आणि भोक बुजते. विणीतून आत वारा खेळतो, म्हणून धान्य कोंदटत नाही. धान्य संपल्यावरही पोत्याची सेवा संपत नाही. पावसात त्याची खोळ होते, थंडीत ते वासराच्या पाठीवर पडते, दारात त्याचे पायपुसणे होते. अगदी चिंध्या झाल्यावर ते उकिरड्यात जाते, तेथे कुजते आणि खत होऊन पुन्हा शेतात येते.

एवढे काम करणारे हे गोणपाट कशापासून होते? ते कापसाचे नव्हे आणि लोकरीचेही नव्हे. ते एका वनस्पतीच्या खोडापासून होते. माणसाच्या उंचीहून उंच वाढलेले, बोटाएवढ्या जाडीचे ते हिरवे खोड पाहिले, तर त्यात पोत्याचा धागा दडलेला असेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. तो धागा तेथून बाहेर कसा येतो आणि त्यासाठी कोणाला किती खपावे लागते, हे जाणून घेण्यासारखे आहे.

वस्त्रे व दोर यांसाठी लागणारे धागे वनस्पतींच्या निरनिराळ्या भागांत सापडतात. कापूस हा बियांवर उगवलेल्या केसांचा झुबका होय. काथ्या नारळाच्या सोडणातून निघतो. घायपाताचा धागा त्याच्या जाड पानांत असतो. ताग, अंबाडी, जवस, भांग व रामी या वनस्पतींचा धागा मात्र खोडाच्या सालीत असतो. सालीतून सोडवलेल्या या लांब धाग्यांना शेतकरी वाख असे म्हणतो.

अशा वनस्पतीचे खोड आडवे कापून भिंगातून पाहिले, तर त्याचे थर ओळखता येतात. सर्वांत बाहेर पातळ त्वचा, मध्यभागी पांढरट व हलके लाकूड, आणि या दोहोंच्या मध्ये सालीचा मऊ थर. जमिनीतील पाणी लाकडातील जलवाहिन्यांतून वर चढते. पानांत तयार झालेले अन्न सालीतील रसवाहिन्यांतून झाडाच्या इतर भागांकडे जाते. या रसवाहिन्यांच्या लगत जाड भित्तींच्या लांबट पेशींचे पुंजके बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उभे असतात. ते झाडाला बळकटी देतात. तागाचे रोप चार महिन्यांत तीन मीटरांपर्यंत वाढते. एवढे उंच आणि सडपातळ खोड वाऱ्याने वाकते, पण सहजासहजी मोडत नाही. कारण हे पुंजके त्याला चहूबाजूंनी ताणून धरतात. माणूस ज्या धाग्याचा दोर वळतो, तो धागा झाडाने स्वतःला सावरण्यासाठी निर्माण केलेला असतो.

या पेशी केसापेक्षाही बारीक असतात. त्यांची लांबी मात्र वनस्पतीप्रमाणे बदलते. तागाची एक पेशी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर भरते. जवसाची २ ते ३ सेंटिमीटर असते. रामीची पेशी तर १० सेंटिमीटरांहूनही लांब असू शकते. मग तागाचा धागा माणसाहून लांब कसा? त्याचे उत्तर असे की, असंख्य लहान पेशी एकीच्या टोकाशी दुसरी, एकीच्या बाजूला दुसरी अशा चिकटून बसलेल्या असतात. त्यांना जोडणाऱ्या खळीसारख्या पदार्थाला पेक्टिन म्हणतात. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्यही तागात बरेच असते. त्यामुळे तागाचा धागा राठ असतो आणि उन्हात राहिल्यास पिवळा पडतो. म्हणून त्याचा सदरा कोणी शिवत नाही. त्याचे पोते शिवतात.

येथे नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. महाराष्ट्रातील शेतकरी शेतात जो ताग पेरतो, त्याला पिवळी फुले येतात आणि फुगीर शेंगा धरतात. तो हरभरा, तूर यांच्या कुळातील आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवतात. म्हणून फुलावर येताच तो नांगराने जमिनीत गाडून टाकण्याची रीत आहे. त्यालाच हिरवळीचे खत म्हणतात. पोत्यांचा ताग, ज्याला इंग्रज लोक ज्यूट आणि बंगाली लोक पाट म्हणतात, तो निराळा. गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाच्या प्रदेशात तो होतो. त्याला उष्ण, दमट हवा आणि भरपूर पाणी लागते. भारतातील पश्चिम बंगाल, बिहार व आसाम ही राज्ये आणि बांगलादेश हे त्याचे मुख्य घर होय.

बंगालचा शेतकरी मार्च ते मे या महिन्यांत तागाचे बी दाट पेरतो. दाट पेरण्यात हेतू असतो. रोपे विरळ असली तर प्रत्येकाला फांद्या फुटतात आणि धागा तुटक होतो. दाटीत वाढलेले रोप प्रकाशासाठी सरळ वर जाते. त्याला फांद्या फुटत नाहीत आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अखंड धागा मिळतो. कोवळ्या रोपांची पाने खुडून बंगालमध्ये भाजी करतात, जशी महाराष्ट्रात अंबाडीच्या पाल्याची करतात. सुमारे चार महिन्यांनी, फुले येऊन बारीक बोंडे धरू लागली की पीक कापतात. त्याआधी कापले तर धागा कमी आणि कमजोर मिळतो. बोंडे पिकेपर्यंत थांबले तर धागा जाडाभरडा होतो. कापलेल्या खोडांच्या पेंढ्या दोन-चार दिवस शेतातच उभ्या ठेवतात. तेवढ्यात पाने गळून पडतात आणि त्यांचे खत जमिनीलाच मिळते.

यानंतरचे काम खरे कसोटीचे असते. साल आणि लाकूड एकमेकांना घट्ट धरून असतात. ओल्या खोडाची साल नुसती ओढून काढली तर तिच्यात धागा, गर आणि हिरवी त्वचा सारे एकत्र येते. त्यातून स्वच्छ धागा वेगळा करायचा तर त्यांना चिकटवून ठेवणारे पेक्टिन नाहीसे झाले पाहिजे. हे काम शेतकरी स्वतःच्या हाताने करत नाही. तो ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंकडून करवून घेतो. तो खोड कुजवतो.

पेंढ्या तळ्यात, खाचरात किंवा संथ वाहणाऱ्या ओढ्यात आडव्या रचतात आणि त्या बुडून राहाव्यात म्हणून वर वजन ठेवतात. वजनासाठी चिखलाची ढेकळे किंवा केळीचे खांब वापरले, तर धागा काळवंडतो आणि त्याला भाव कमी येतो. पाण्यात खोड फुगते, त्वचेला भेगा पडतात आणि त्यांतून जीवाणू आत शिरतात. ते आधी मऊ पेशी व पेक्टिन खाऊ लागतात. धाग्याच्या पेशींच्या भित्ती सेल्युलोज या चिवट पदार्थाच्या असतात. त्या लवकर विरघळत नाहीत. म्हणून खळ आधी जाते आणि धागा मागे राहतो.

परंतु तो कायमचा टिकून राहत नाही. पेंढ्या ठरल्यापेक्षा अधिक दिवस पाण्यात राहिल्या तर जीवाणू धाग्यालाही कमजोर करतात आणि तो ओढताच तुटतो. लवकर बाहेर काढल्या तर सालीचे तुकडे धाग्याला चिकटून राहतात. योग्य दिवस कोणता, हे पंचांगात सापडत नाही. ऊन कडक असेल आणि पाणी कोमट असेल तर दोन आठवड्यांत काम होते. पाणी थंड असेल तर तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक लागतात. खोडाचा बुंधा जाड असल्यामुळे सावकाश कुजतो, शेंडा लवकर कुजतो. म्हणून दहा-बारा दिवस झाले की शेतकरी रोज पाण्यात उतरतो, पेंढीतून एखादे खोड उपसतो आणि सालीला बोटांनी हिसका देऊन पाहतो. साल लाकडावरून अलगद सुटली की तो घरच्या माणसांना हाक मारतो. चार महिन्यांच्या कष्टांचे मोल त्या एका दिवसाच्या पारखीवर ठरते.

मग सारे कुटुंब गुडघाभर, कधी कंबरभर पाण्यात उभे राहते. खोडांची जुडी हातात धरून बुंध्याकडील भाग लाकडी मोगरीने ठोकतात, खोड मध्ये मोडतात आणि पाण्यात मागेपुढे हिसके देतात. लाकडाचे तुकडे निसटून जातात आणि हातात लांब, ओल्या केसांसारखा धाग्यांचा झुबका उरतो. तो स्वच्छ पाण्यात धुऊन बांबूंच्या दांड्यांवर वाळत घालतात. वाळल्यावर त्याला सोनेरी झाक येते. म्हणून बंगालमध्ये त्याला सोनेरी धागा म्हणतात. मात्र ते सोने काढणाऱ्याची स्थिती फारशी चांगली नसते. कुजक्या पाण्याला दुर्गंधी येते, त्यात तासन् तास उभे राहून हातापायांची कातडी सोलवटते, खाज सुटते. शिवाय हिरव्या खोडाच्या वजनाचे शंभर भाग केले तर त्यातून वाळलेला धागा साधारणतः पाच-सहा भागच निघतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही ही विद्या नवी नाही. येथे ज्वारी-तुरीच्या पिकाच्या कडेने अंबाडीच्या ओळी पेरण्याची जुनी चाल आहे. अंबाडीचा आंबट पाला भाकरीबरोबर खाण्यासाठी, बी तेलासाठी व चटणीसाठी, आणि खोड वाखासाठी. पीक निघाल्यावर अंबाडीच्या पेंढ्या नदीच्या डोहात किंवा नाल्यात दगडाखाली दाबून ठेवत आणि कुजल्यावर त्यांची साल सोलून घेत. उरलेल्या पांढऱ्या काड्यांना सणकाड्या म्हणतात. त्या चूल पेटवण्यास कामी येत. वाखापासून बैलांचे कासरे, गुरांची दावी, बाज विणण्याची दोरी, शिंकी आणि मोटेचा जाड नाडा असे सारे काही होई. पोळ्याच्या सणाला बैलांना नवी वेसण, नवी म्होरकी आणि नवा कासरा घालण्याची प्रथा आहे. घरोघरचा तो शृंगार वाखातूनच निर्माण होत असे.

एवढासा धागा बैलासारख्या बलवान जनावराला कसा आवरतो? त्याचे रहस्य पिळात आहे. वाखाचे धागे नुसते शेजारी शेजारी ठेवून ओढले तर ते एकमेकांवरून घसरतात. त्यांना पीळ दिला की ते परस्परांना आवळून धरतात, आणि जितके जोराने ओढावे तितके अधिक घट्ट आवळतात. पण पिळलेली दोरी सोडताच उलगडू पाहते. हे टाळण्यासाठी दोर वळणारा एक युक्ती करतो. धागे उजवीकडे पिळून तो पेड तयार करतो आणि असे तीन पेड एकत्र घेऊन डावीकडे पिळतो. पेड एका दिशेने उलगडू पाहतात, दोर दुसऱ्या दिशेने. दोन्ही ओढी एकमेकींना अडवतात आणि दोर जसाच्या तसा राहतो. याची प्रचीती कोणालाही घेता येईल. एक हातभर दोरा घेऊन त्याला खूप पीळ द्यावा आणि त्याची दोन्ही टोके जवळ आणावीत. दोरा मध्यावर दुमडून आपोआप उलट्या दिशेने स्वतःभोवती गुंडाळतो आणि मग सोडला तरी उलगडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण माणसाच्या हट्टी स्वभावाविषयी सांगितली जाते. पण ती ज्याने रचली, त्याने दोर वळताना नीट पाहिला असला पाहिजे.

दोर वळणे हे महाराष्ट्रातील मातंग समाजातील अनेक कुटुंबांचे पिढीजात काम होते. गावाची मोट, नांगर आणि गाडी त्यांच्या दोरांवर चाले. त्याबद्दल सुगीला त्यांना धान्य मिळे. परंतु ज्यांच्या हातच्या दोराने गावाने विहिरीतून पाणी ओढले, त्यांना त्याच विहिरीवर पाणी भरण्यास गावाने मज्जाव केला होता. भारताच्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. वाखाची माहिती सांगताना या कसबी हातांची आणि त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची आठवण ठेवणे उचित होय.

खोडातील धाग्याचा शोध माणसाला फार प्राचीन काळी लागला. जॉर्जिया देशातील झुझुआना नावाच्या गुहेत रानजवसाचे सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे सूक्ष्म तंतू सापडल्याचे संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी काही पिळलेले, तर काही रंगवलेले होते. प्राचीन इजिप्तमधील लोक जवसाच्या धाग्याचे तलम कापड विणत. त्यालाच लिनन म्हणतात. राजेलोकांचे मृतदेह ते या कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवत. इजिप्तमधील तारखान येथे सापडलेले लिननचे एक वस्त्र ५,००० वर्षांहून जुने असून ते आज लंडनमधील एका संग्रहालयात आहे. विदर्भातील शेतकरी जवस पिकवतो तो तेलासाठी व चटणीसाठी. ती झाडे बुटकी व फांद्यांची असतात. धाग्यासाठी पेरला जाणारा जवस उंच आणि सडसडीत असतो; तो आज मुख्यतः फ्रान्स व बेल्जियम या देशांत होतो. तेथे खोडे पाण्यात न बुडवता शेतातच पसरून ठेवतात. रात्रीच्या दवाने ती भिजतात आणि बुरशी त्यांतील पेक्टिन खाऊन टाकते.

भांगेच्या खोडाचा धागा असाच बळकट असतो. शिडांच्या जहाजांच्या काळात दोरखंड आणि शिडांची कापडे यांसाठी युरोपात त्याला फार मागणी होती. चीनमध्ये त्साइ लुन या दरबारी अधिकाऱ्याने इ. स. १०५ मध्ये सम्राटाला कागद सादर केला. तोही झाडाची साल, भांगेचा धागा, चिंध्या आणि मासे पकडण्याची जुनी जाळी यांच्या लगद्याचा होता. म्हणजे ज्या खोडाने माणसाला वस्त्र दिले, त्यानेच त्याला लिहिण्यास पानही दिले.

या सर्वांत ताग जगाच्या बाजारात फार उशिरा आला. बंगालमधील विणकर त्याचे जाडेभरडे कापड हातमागावर विणत असत. पण युरोपला त्याची फारशी ओळख नव्हती. स्कॉटलंडमधील डंडी हे शहर जवस आणि भांग यांच्या कापडासाठी प्रसिद्ध होते. ईस्ट इंडिया कंपनीने पाठवलेला ताग तेथील यंत्रांवर घातला तेव्हा तो राठ धागा तटातट तुटू लागला. डंडी हे देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांचेही बंदर होते. देवमाशाचे तेल आणि पाणी शिंपडून ताग मऊ करावा, अशी युक्ती तेथील कारागिरांना सापडली आणि १८३० नंतरच्या दशकात यंत्रावर तागाचे सूत निघू लागले. पुढे १८५३ ते १८५६ या काळात रशियाशी क्रिमियाचे युद्ध झाले. रशियाकडून येणारा जवस व भांग यांचा धागा दुर्मीळ झाला आणि त्याची जागा बंगालच्या तागाने घेतली.

त्याच सुमारास, १८५५ साली, जॉर्ज ॲकलंड याने डंडीहून यंत्रे आणून कोलकात्याजवळ रिश्रा येथे तागाची गिरणी सुरू केली. ज्या मातीत ताग पिकतो तिच्या शेजारीच तो विणणे स्वस्त पडते, हे लवकरच स्पष्ट झाले. हुगळी नदीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा आणि आंध्र या भागांतून हजारो मजूर तेथे आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोलकात्याने डंडीला मागे टाकले. ब्राझीलची कॉफी, अमेरिकेचा गहू आणि पहिल्या महायुद्धातील खंदकांवरची वाळू ही सारी तागाच्या पोत्यांत भरली गेली. डंडीमधील अखेरची गिरणी विसाव्या शतकाच्या शेवटी बंद पडली. आज तेथील एका जुन्या गिरणीत तागाचे संग्रहालय आहे.

१९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा एक विचित्र संकट उद्भवले. तागाच्या शेतीचा फार मोठा भाग पूर्व पाकिस्तानात गेला आणि गिरण्या भारतात राहिल्या. एकीकडे धागा, दुसरीकडे माग! १९४९ साली भारताने आपल्या रुपयाचे मूल्य कमी केले, पाकिस्तानने केले नाही. त्यावरून दोन्ही देशांतील व्यापार अडला आणि गिरण्यांना ताग मिळेनासा झाला. तेव्हा भारतातील शेतकऱ्यांनी पश्चिम बंगाल, बिहार व आसाम येथे तागाचे क्षेत्र वाढवले. जेथे तागाला पुरेसे पाणी नव्हते, तेथे अंबाडीचा वाख गिरण्यांच्या मदतीला आला. आज तागाच्या उत्पादनात भारताचा क्रमांक जगात पहिला आहे. कच्चा ताग परदेशी पाठवण्यात बांगलादेश अग्रेसर आहे.

युद्ध आणि फाळणी यांतून निभावलेल्या तागाला खरा धक्का बसला तो प्लॅस्टिकमुळे. प्लॅस्टिकची पिशवी हलकी, स्वस्त आणि पाण्याने न भिजणारी. जगभर धान्य, खत व सिमेंट तिच्यात भरले जाऊ लागले. खेड्यापाड्यांतही वाखाच्या कासऱ्याच्या जागी नायलॉनचा दोर आला. भारतात लाखो शेतकरी व मजूर यांची उपजीविका तागावर अवलंबून असल्यामुळे संसदेने १९८७ साली कायदा केला. धान्य व साखर यांचा ठरावीक भाग तागाच्याच पोत्यांत भरला पाहिजे, असे त्या कायद्यान्वये ठरवले जाते. बांगलादेशातील नारायणगंज येथे आदमजी ही तागाची प्रचंड गिरणी होती. ती २००२ साली बंद झाली.

आश्चर्य असे की, त्याच २००२ साली बांगलादेशाला पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालावी लागली. कारण त्या गटारांत अडकून ढाका शहर पुराच्या पाण्यात बुडत होते. मुंबईलाही २६ जुलै २००५ रोजी महापुराने वेढले. पाणी तुंबण्याच्या अनेक कारणांत प्लॅस्टिकचा कचरा हे एक कारण होते. महाराष्ट्र राज्याने २०१८ साली अशा पिशव्यांवर निर्बंध घातले. प्लॅस्टिक कुजत नाही, हा प्रथम त्याचा गुण मानला गेला होता. पुढे तोच त्याचा मोठा दोष ठरला. तागाची गोष्ट याच्या उलट आहे. तो कुजतो, म्हणून त्याला हिणवले गेले. परंतु कुजल्यावाचून तो खोडातून बाहेर येत नाही आणि काम संपल्यावर पुन्हा कुजून मातीला मिळतो.

या गुणामुळेच त्याला नवी कामे मिळत आहेत. डोंगर फोडून रस्ता केला की उघड्या उतारावरील माती पावसात वाहून जाते. तेथे तागाचे सैल विणीचे जाळे अंथरून गवताचे बी टाकतात. जाळे माती धरून ठेवते. गवताची मुळे रुजली की जाळे कुजून जाते आणि पुढील काम मुळे करतात. ते उचलून न्यावे लागत नाही. ताग, जवस, भांग व अंबाडी यांचे धागे दाबून केलेल्या हलक्या, मजबूत पट्ट्या मोटारींच्या दारांच्या आतील बाजूस बसवल्या जातात.

तथापि मूळ अडचण अद्याप शिल्लक आहे. पाऊस उशिरा आला किंवा कमी झाला की तळी भरत नाहीत आणि कापलेला ताग कुजवण्यास पाणी मिळत नाही. थोड्या, साचलेल्या पाण्यात कुजवला तर धागा काळा पडतो आणि तळ्यातील मासे मरतात. पश्चिम बंगालमधील बॅरकपूर येथे ताग व तत्सम धाग्यांची संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी पेक्टिन खाणारे निवडक जीवाणू वेगळे करून त्यांची भुकटी तयार केली आहे. पेंढ्यांवर ती टाकली की खोड काही दिवस लवकर कुजते आणि धाग्याचा रंगही चांगला येतो. लवकर कुजले म्हणजे कुटुंबाचे तितके दिवस वाचतात.

भुकटी दिवस वाचवते. परंतु साल सुटली की नाही, हे पाहण्यासाठी आजही शेतकऱ्यालाच पाण्यात उतरावे लागते. तो एक खोड उपसतो आणि सालीला हिसका देऊन पाहतो. बाजारात हमालाच्या पाठीवरून थप्पीवर येणारे प्रत्येक पोते त्याच्या बोटांच्या त्या पारखीतून गेलेले असते.